सारसांचा सगळ्यात वाईट हंगाम

शनिवार, ७ सप्टेंबर २०२४

शी! एकेचाळीस–तीन. घरच्या मैदानावर, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात!

ते तीनसुद्धा खांबाने दया केली म्हणून मिळाले. आमच्या पोराने लाथ मारलेला बॉल खांबावर आपटला आणि आत पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! 

आणि मला उठून शिव्याही घालता येत नाहीत. कारण मैदानाच्या कडेला, कानाला यंत्र लावून, हातातला डावपेचांचा पुठ्ठा तोंडापुढे धरून जो उभा असतो तो माझा जावई. ट्रेंट ओस्टरमन – लूप फोर्क कॉलेजच्या सारस फुटबॉल संघाचा कोच, वर्ष तिसरं. आणि माझ्या शेजारी सूर्यफुलाच्या बिया सोलत जो बसतो तो माझा नवरा एल्डन – त्याच संघाचा जुना कोच, १९९१ साली हाकललेला. तेव्हा मी आपली चेहऱ्यावर हसू चिकटवून बसते, फोटो काढायला बसवल्यासारखी.

मागच्या रांगेत व्हर्जिल हॉइट. ट्रॅक्टर विकतो आणि बाकीचा वेळ बोंबलतो. ‘ओस्टरमन, अरे त्यांना कुणी सांगितलंय का, बॉल आपल्याकडे ठेवायचा असतो म्हणून?’ सगळी रांग हसली. सगळ्यात वाईट म्हणजे – मलाही हसू आलं.

एल्डन अख्ख्या सामन्यात एकच वाक्य बोलला. ‘डाव्या बाजूचा पोरगा पाय चुकीचे ठेवतोय.’ मी म्हटलं, ‘मग सांग ना ट्रेंटला.’ म्हणाला, ‘त्याने विचारलं तर.’

ट्रेंट कधी विचारणार नाही. हा कधी सांगणार नाही. दोघांच्या मध्ये मी आणि माझं ते हसू.


रविवार, ८ सप्टेंबर

चर्चमध्ये पाद्रीबुवा म्हणाले, ‘आज आपण पराभूतांसाठीही प्रार्थना करू.’ अख्खं चर्च खुदखुदलं. जनेल पुढच्या बाकावर होती, तिची मान तशीच ताठ. लेक माझी आहे, मान बापाची.


शनिवार, १४ सप्टेंबर

हरलो. जेवण करावंसं वाटलं नाही. डब्यातले उरलेले रन्झा, ते खिमा-कोबी भरलेले पाव, थंडच खाल्ले.


सोमवार, १६ सप्टेंबर

डोरीनच्या कॅफेत कोलाच आणायला गेले, ते गोड सारणाचे पाव. कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर टोप्या घातलेल्यांची नेहमीची सभा भरलेली. मक्याची कापणी तोंडावर आलीये, पण यांच्या डोक्यात एकच – आजवरचा सगळ्यात भिकार हंगाम कोणता?

मी दारात उभी आहे हे कोणाला दिसलं नाही.

एक म्हणाला, ‘दोन हजार नऊ. त्या रडॉक कोचने मातीत घातला ना तो.’

व्हर्जिल म्हणाला, ‘छे! एक्क्याण्णव. एक्क्याण्णवला तोड नाही. मी ते साल विसरायला दारू सुरू केली आणि अजून विसरलो नाही.’

मग कोणीतरी खोकलं. मग सगळ्यांनी एकदम आपापल्या कॉफीत बघितलं.

मी कोलाच घेतले. जर्दाळूचे मागितले होते, डोरीनने घाबरून खसखशीचे भरले. परत द्यायला गेले नाही.


शनिवार, २१ सप्टेंबर

परगावचा सामना. रेडिओवर ऐकला. तिसऱ्यांदा हरलो, आणि कसे? मैदानावर अकराच्या जागी बारा पोरं उतरवून! समोरच्यांनी चुकवलेली किक त्यामुळे त्यांना पुन्हा मारायला मिळाली. रेडिओवाला हसत होता. आपला माणूस, आपल्या गावचा, हसत होता!

मी रेडिओ बंद केला. एल्डनने पुन्हा लावला. ‘पूर्ण ऐकायचं,’ म्हणाला. हा नियम १९९१ पासूनचा. स्वतःचं मढंसुद्धा हा माणूस पूर्ण गाडेपर्यंत बघत बसेल.

भांडी घासताना मीही तेच करत बसले, त्या टोपीवाल्यांसारखं. रडॉकच्या वर्षी मोठा रस्ता झेंड्यांनी भरला होता. रडॉक आला तोच छाती काढून – ‘या वर्षी लीगचं विजेतेपद, नाहीतर मला घोड्याला बांधा.’ पोरंही होती तशी. तो उंच, काळा क्वार्टरबॅक, ओमाहाहून आलेला – काय फेकायचा बॉल! आणि रडॉकने त्याला निम्मे सामने बाकावर बसवलं, का तर सरावाला दोन मिनिटं उशिरा आला. तीन जिंकले, सात हरले. पोरगा दुसऱ्या कॉलेजात गेला आणि तिथे विजेता झाला. रडॉकला घोड्याला कोणी बांधलं नाही. तो आता कुठेतरी टीव्हीवर बसून लोकांना अक्कल शिकवतो.

तेव्हा मला राग यायचा. या वर्षी येते ती किळस. रागात निदान काहीतरी अपेक्षा असते.


बुधवार, २५ सप्टेंबर

पेपर आला. क्रीडा पान उघडलं आणि हातातला चहा सांडला.

मथळा – ‘सारसांचा सगळ्यात वाईट हंगाम कोणता? वाचकहो, कौल द्या!’ खाली तीन फोटो. डावीकडे रडॉक, दात काढून. उजवीकडे ट्रेंट, पुठ्ठा तोंडापुढे. आणि मधोमध माझा नवरा. एकोणचाळीस वर्षांचा, मिशा, भिजलेली टोपी, दोन्ही हात डोक्यावर. तेहेतीस वर्षं जुना फोटो यांनी जपून ठेवला होता! असल्या कामासाठी!

आमच्याच घरातले दोन. तिघांपैकी दोन.

जनेलचा फोन आला. ‘आई, बाबांनी बघितलं का?’

‘बघतायत.’

‘काय म्हणाले?’

एल्डनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, ‘मिशा बऱ्या दिसायच्या मला.’

जनेल हसली नाही. मीही नाही. मला तो पेपर चुलीत घालायचा होता. त्याने घडी घालून खिशात ठेवला.


रविवार, २९ सप्टेंबर

काल चौथा हरलो. आज सगळे जेवायला. मी खिमा-राजम्याची चिली केली आणि दालचिनीचे रोल – ट्रेंटला आवडतात म्हणून. त्याने अर्धा खाल्ला आणि बाकीच्या अर्ध्याचे बोटाने तुकडे करत बसला. वाळलाय. डोळ्यांखाली काळं.

नात टेस आठ वर्षांची. तिला कोणी काही सांगत नाही, म्हणून तिला सगळं माहीत असतं. मध्येच म्हणाली, ‘आजोबा, पेपरात तुम्ही पण आहात. तुम्ही पण वाईट होतात?’

जनेलचा चमचा ताटात पडला.

एल्डन म्हणाला, ‘खूप.’

‘बाबांपेक्षा?’

‘तुझे बाबा अजून शिकाऊ आहेत. माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल त्यांना.’

टेस खिदळली. ट्रेंटही हसला, पण डोळ्यांत पाणी आलं म्हणून उठून बाहेर गेला. मी एल्डनला कोपराने ढोसलं – जा ना त्याच्या मागे! हा बसून राहिला. जावयाला पाठीवर हात हवाय आणि सासऱ्याला रोल हवाय. पुरुषांना काय मेलं म्हणायचं!

जनेलने माझ्याबरोबर भांडी विसळली. तिला मी विचारलं नव्हतं, तिनेच काढलं. ‘आई, त्या वर्षी लोक आपल्या अंगणात घर विकाऊ असल्याच्या पाट्या ठोकायचे. आठवतं? रोज सकाळी नवी पाटी. तू त्या उपटून गॅरेजात टाकायचीस. मला वाटायचं, आपण खरंच घर विकतोय. मी बाहुल्या भरून ठेवल्या होत्या.’

हे मला माहीतच नव्हतं. बाहुल्यांचं.

‘टेसने बाहुल्या भरलेल्या मला बघायच्या नाहीत,’ म्हणाली.


शनिवार, ५ ऑक्टोबर

रागाने लिहितेय.

आज माजी विद्यार्थी गावी परततात तो सामना. सकाळी मिरवणूक. बँड, जुन्या गाड्या, शाळेची पोरं, आणि शेवटी व्हर्जिल हॉइटचं ते अवाढव्य हिरवं कंबाइन – मका कापायचं. त्याच्या पुढच्या दात्यांवर बांधलेलं बुजगावणं. सारस संघाची टोपी, गळ्यात शिट्टी, आणि हातात पुठ्ठा. तोंडापुढे धरलेला.

लोक हसत होते. आया पोरांना उचलून दाखवत होत्या.

टेस माझ्या हाताला होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, बोटही दाखवलं नाही. फक्त विचारलं, ‘आजी, ते खालून कापतात का वरून?’

आणि सामना? सतराने पुढे होतो! मध्यंतराला सतरा–शून्य! माझ्या जिवात जीव आला होता. मग दुसऱ्या अर्ध्यात पोरांनी एकेक करून बॉल त्यांच्या हातात नेऊन दिला, पाहुण्यांना ताट वाढावं तसा. वीस–सतरा हरलो. शेवटच्या किकला व्हर्जिल ओरडला – ‘कंबाइन सुरू करा रे!’

किळस येते. संघाची येते, गावाची येते, त्या लोखंडी फळ्यांवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांची येते.


सोमवार, ७ ऑक्टोबर

आज गेले ट्रॅक्टरच्या दुकानात. एल्डनला सांगितलं नाही.

कंबाइन अंगणात उभं होतं आणि बुजगावणं अजून त्याच्यावर. मी घरून कात्री नेली होती. दात्यांवर चढले – या वयात, या गुडघ्यांनी – आणि दोऱ्या कापायला लागले. व्हर्जिल धावत बाहेर आला.

‘आर्डिथबाई! अहो, उतरा खाली, पडाल!’

‘पडले तर तुझ्याच यंत्रावर पडेन. छापून आण पेपरात.’

‘गंमत होती हो. सगळ्यांनाच कळतंय, गंमत होती.’

‘माझ्या नातीला नाही कळली.’

तो म्हणाला, ‘मी चाळीस वर्षं तिकीट काढतोय. मला बोलायचा हक्क आहे.’

‘बोल ना! घसा फाटेस्तोवर बोल. मीही घरी बोलते. तुझ्यापेक्षा घाण बोलते. पण एक्क्याण्णव साली माझ्या अंगणात पाट्या ठोकणाऱ्यांत तू होतास का, व्हर्जिल?’

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. ते उत्तर मला पुरलं.

बुजगावणं खाली पडलं. त्यानेच शिडी धरली, मी उतरले. टोपी आणि शिट्टी घेऊन आले, पेंढा त्याच्या दारात टाकून आले. घरी येऊन गुडघ्यांना शेक दिला. एल्डनने विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘बागेत काम.’ त्याने माझ्या केसांतून पेंढ्याची काडी काढली.


शनिवार, १२ ऑक्टोबर

हरलो. पाऊस. तपशील लिहायची लाज वाटते.


रविवार, २० ऑक्टोबर

काल सातवा. आज जनेल एकटीच आली, टेसला सोडायला. दारातच म्हणाली, ‘आई, कॉलेजने ट्रेंटला काढलं तर आम्ही आयडाहोला जाऊ. त्याच्या भावाचं बटाट्याचं गोदाम आहे. भाऊ बोलावतोय.’

‘आयडाहो!’

‘इथे राहून काय करू? तू राहिलीस. तू आणि बाबा राहिलात. बाबा शाळेत इतिहास शिकवत राहिले आणि लोक त्यांना बाजारात ‘कोच’ म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करत राहिले. मला नाही जमणार.’

मला वाटत आलंय की आम्ही टिकलो. खंबीर राहिलो. आणि माझी लेक ते बघून शिकली काय, तर पळून जायचं.

ती गेल्यावर एल्डनला सांगितलं. तो गॅरेजात गेला. बराच वेळ नुसता उभा होता. काय करतोस विचारलं तर म्हणाला, ‘काही शोधत होतो.’ काही शोधत नव्हता.


गुरुवार, २४ ऑक्टोबर

आजचं नीट लिहायला हवं.

दर गुरुवारी सकाळी कॅफेच्या मागच्या खोलीत सारस-समर्थकांची न्याहारी असते. अंडी, बटाटे, आणि कोचला उभं करून प्रश्न विचारायचे. कोचने यायलाच लागतं. एक्क्याण्णवमधल्या शेवटच्या गुरुवारपासून एल्डनने त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. त्या दारावरून जाताना हा रस्ता ओलांडतो.

आज सकाळी दाढी केली. बाहेरचा शर्ट घातला. म्हणाला, ‘चल.’

‘कुठे?’

‘न्याहारीला.’

आत गेलो आणि खोली थिजली. ट्रेंट पुढे उभा होता. व्हर्जिल पहिल्या टेबलावर. भिंतीवर पेपर लावलेला – कालच कौलाचा निकाल आला होता. पहिला ट्रेंट. थोड्याच मतांनी मागे एल्डन. रडॉक पार तळाला – टीव्हीवर दिसतो ना, म्हणून!

कोणीतरी ट्रेंटला विचारत होतं, ‘पेपरातल्या निकालाबद्दल काय म्हणाल?’ ट्रेंट म्हणाला, ‘लोकांचं बरोबर आहे. जबाबदारी माझी आहे.’ 

तेव्हा एल्डन उठला. टोपी काढली.

‘निकाल चुकलाय,’ म्हणाला.

कोणी हसलं. मग थांबलं.

‘तुम्ही आकडे मोजताय. मी दोन जिंकले, रडॉकने तीन, ट्रेंटने अजून एकही नाही. म्हणून ट्रेंट वाईट. पण हंगाम असा मोजत नाहीत. हातात काय दिलं होतं आणि त्याचं काय केलं, असा मोजतात. नव्वद साली हा संघ आठ सामने जिंकला होता. त्यातली बहुतेक पोरं एक्क्याण्णवला माझ्याकडे परत आली. घोड्यासारखी पोरं. मला नुसतं बाजूला उभं राहायचं होतं. पण मला वाटलं, मी हुशार आहे. खेळायची सगळी रीत बदलली. ज्याला पळता येतं त्याला अडवायला लावलं, ज्याला अडवता येतं त्याला पळायला लावलं. पोरं सांगत होती, कोच, हे जमत नाहीये. मी ऐकलं नाही.’

व्हर्जिल हळूच म्हणाला, ‘कोच, जाऊ द्या ना आता.’

‘नाही, तुम्हीच विचारत होतात ना? मग ऐका. या पोराला काय दिलंत तुम्ही? गेल्या वर्षी चांगली पोरं मोठ्या कॉलेजांनी पळवली. याच्याकडे उरली ती शेतावरून आलेली अठरा वर्षांची लेकरं. आणि गेल्या शनिवारी शेवटच्या मिनिटाला, सामना केव्हाच हातचा गेलेला असताना, ती लेकरं धावत होती. मी बघितलं. एक्क्याण्णवला माझी पोरं ऑक्टोबरातच धावायची थांबली होती. सगळ्यात वाईट हंगाम माझा. तो माझ्याकडून कोणी काढून घेऊ नका.’

बसला. कॉफीचा कप जवळ ओढला.

 डोरीन दारात अंड्यांची थाळी घेऊन तशीच उभी.

मग ट्रेंट, सगळ्यांसमोर, म्हणाला, ‘कोच – माझा डाव्या बाजूचा पोरगा. काहीतरी चुकतंय त्याचं. मला सापडत नाहीये.’

एल्डन म्हणाला, ‘पाय.’

आणि दोघं तिथेच टेबलं बाजूला सारून, सॉसच्या बाटल्या मांडून बसले. पाय कसे, कुठे, किती वळवायचे. समर्थक मंडळी उभी राहून बघत होती, व्हर्जिल तर एक बाटली धरून बसला होता – तो म्हणे समोरचा अडवणारा!

गाडीत मी एल्डनला म्हटलं, ‘सगळं खरं होतं?’

‘बरंचसं.’

मला रडू आलं आणि रागही आला. तेहेतीस वर्षं माझ्याशी याबद्दल एक शब्द नाही, आणि अंड्यांच्या वासात, टोपीवाल्यांसमोर एवढं सगळं!


शनिवार, २ नोव्हेंबर

हरलो. पण सातच गुणांनी. डाव्या बाजूचा पोरगा पडला नाही. एल्डनने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.


शनिवार, ९ नोव्हेंबर

हरलो. नऊपैकी नऊ. बर्फ पडलं. व्हर्जिल मागे बसून घोंगडी वाटत होता, आम्हालाही दिली. बोंबलला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं!


शनिवार, १६ नोव्हेंबर

जिंकलो!!!

डन्स्टनविरुद्ध! शेवटचा सामना, आणि डन्स्टनविरुद्ध, ज्यांना हरवलं तर बाकीच्या नऊ पापांची गावात माफी मिळते. तेरा–दहा. शेवटच्या मिनिटाला ते आमच्या रेषेपासून हातभर अंतरावर होते. चार वेळा आले. चारही वेळा आमच्या लेकरांनी अडवले. चौथ्यांदा ढीग पडला आणि पंच एकेकाला उपसून काढत होता आणि मी जनेलच्या कोटात तोंड खुपसून बसले होते. मग आरडाओरडा. वर बघितलं तर एल्डन लोखंडी फळीवर उभा. बहात्तर वर्षांचा माणूस, फळीवर!

आणि मग जे झालं ते मात्र बघवलं नाही. सगळं गाव मैदानावर. बुजगावण्याला हसलेल्या त्याच आया ट्रेंटबरोबर फोटो काढतायत. पेपरवाला त्याच्या तोंडापुढे फोन धरून – ‘कोच, तुमचा विश्वास कधी डळमळला का?’ तुम्हीच तर कौल घेतला होतात, निर्लज्जांनो! पाद्रीबुवा हात उंचावून. ट्रेंट सगळ्यांना धन्यवाद म्हणत होता. मला त्याला ओढून घरी न्यावंसं वाटलं, आंघोळ घालायला.

व्हर्जिल तेवढा माझ्यापाशी आला. म्हणाला, ‘आर्डिथबाई, दोन होत्या. पाट्या. मी दोनच ठोकल्या होत्या.’

मी म्हटलं, ‘घोंगडी धुऊन पाठवते.’


मंगळवार, १९ नोव्हेंबर

कॉलेजातून ट्रेंटला निरोप – पुढच्या वर्षीही तोच. जनेलने आयडाहोच्या दिराला फोन करून सांगितलं, बटाटे तुलाच लखलाभ. टेस स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होती.

एक जिंकला, नऊ हरले, आणि घरात नाताळ आल्यासारखं! एवढ्यासाठी मी तीन महिने पित्त वाढवलं.


गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली, कोणी बोललं नाही. ट्रेंट आणि एल्डन जेवण झाल्याबरोबर टीव्हीवर जुने सामने लावून बसले. एक्क्याण्णवचे! एल्डनने स्वतः काढले. ट्रेंट मध्येच थांबवायचा, ‘इथे काय विचार केला होतात?’ आणि एल्डन, ‘विचार केला असता तर!’ दोघं पोट धरून हसत होते. मी दारातून बघितलं. ते सामने मी तेव्हा डोळे मिटून बघितले होते. आज उघडे ठेवून बघितले. खरंच फार वाईट खेळलो होतो आपण. फारच! जनेल म्हणाली, ‘आई, पुढच्या वर्षी माझ्या शेजारची जागा तुझी.’ म्हटलं, ‘शिव्या घालू दिल्यास तर.’


मंगळवार, १० डिसेंबर

कॉलेजने फुटबॉल बंद केला. पुढच्या वर्षीपासून संघच नाही. कॉलेजात मुलं येत नाहीत, खर्च झेपत नाही म्हणे. ट्रेंटला बैठकीत सांगितलं, पोरांना फोनवर संदेश.

एल्डनने टोपी घातली आणि गाडी काढली. मी विचारलं नाही, शेजारी जाऊन बसले. मैदानाच्या फाटकाला कुलूप. व्हर्जिलची गाडी आधीच तिथे होती, इंजिन चालू, दिवे मैदानाकडे. त्याच्या मागे अजून दोन. मग अजून.

कोणी खाली उतरलं नाही.